बोलीचे ध्वनिमुद्रण आणि स्वाधीन संग्रह

मुंबईच्या उपनगरांना आज जे एकसारखे नागरी रूप आले आहे, त्याच्या पोटात जुन्या गावांची वस्ती अद्याप टिकून आहे. अंधेरीजवळचे वेसावे व मरोळ, बोरीवलीच्या खाडीपलीकडील गोराई इत्यादी ठिकाणी कोळी आणि ईस्ट इंडियन समाजांच्या घरांतून प्रमाण मराठीहून निराळी बोली ऐकू येते. तिचे ध्वनिमुद्रण झाले पाहिजे याविषयी अभ्यासकांत दुमत होण्याचे कारण नाही. विचाराला जागा आहे ती पुढच्या पायरीवर. मुद्रित केलेले बोलणे ठेवावे कोठे, आणि कोणत्या रीतीने ठेवले असता ते पुरावा म्हणून उपयोगी पडेल? स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे ज्या सोयी झाल्या आहेत, त्यांचा या दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मुक्त-स्रोत म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि आपल्या यंत्रावर चालवता येते असे सॉफ्टवेअर.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. उधळ्या पुत्राचा दृष्टांत निरनिराळ्या बोलींत उतरवून घेऊन त्याचे नमुने त्या सर्वेक्षणात दिले आहेत. त्या छापील पानावर अक्षर राहिले, परंतु आवाज राहिला नाही. पुढे ध्वनिफीत आली आणि आवाज राहू लागला. पण तासाभराच्या फितीतील एक शब्द पुन्हा ऐकायचा तर सारी फीत उलटसुलट फिरवावी लागे. आज एखाद्या व्यापारी संकेतस्थळावर चित्रफीत चढवणे हे क्षणाचे काम झाले आहे. तथापि तेथे संग्रहाचे नियम कंपनी ठरवते, आणि नियम बदलले की संग्रहाचे भवितव्यही बदलते. अक्षर आणि आवाज यांची कायमची सांगड घालणे, आणि ती सांगड आपल्या ताब्यात ठेवणे, ही खरी गरज होय.

या गरजेला मुंबईतच एक उत्तर मिळालेले आहे. खारजवळच्या चुईम या जुन्या गावठाणात ज्या गटाने आपला स्टुडिओ थाटला, त्या ‘कॅम्प’ने २००८ साली मुंबईतील मजलिस व पॉइंट ऑफ व्ह्यू, बंगळूरचा ऑल्टर्नेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनमधील सहकारी यांच्यासह ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा सार्वजनिक संग्रह सुरू केला. त्यामागील सॉफ्टवेअर पुढे ‘पॅन्डोरा’ या नावाने मुक्त-स्रोत म्हणून उपलब्ध झाले, आणि भारतीय चित्रपटांचा ‘इंडियनसिने.मा’ हा संग्रहही त्यावरच उभा आहे. पॅन्डोरामध्ये चित्रफितीखाली काळाची पट्टी असते आणि तिच्यावरील कोणत्याही भागाला टिपण जोडता येते. ही टिपणे थरांनी लागतात. बोललेले शब्द एका थरात, वर्णन दुसऱ्यात, स्थळ तिसऱ्यात, अशी त्यांची मांडणी असते. कोणते थर असावेत आणि ते कोणी लिहावेत, हे संग्रह चालवणाराच ठरवतो. प्रत्येक टिपणाला स्वतंत्र पत्ता मिळत असल्यामुळे, ज्याप्रमाणे ग्रंथाचे पान उद्धृत करावे त्याप्रमाणे मुलाखतीतील तीन सेकंद उद्धृत करता येतात.

फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या संस्थेचे ‘पिअरट्यूब’ हे दुसरे उदाहरण होय. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१८ साली निघाली. निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या सर्व्हरवर ठेवलेल्या चित्रफिती त्यायोगे परस्परांना पाहता येतात. २०२३ च्या सहाव्या आवृत्तीत चित्रफितीचे प्रकरणवार भाग पाडण्याची आणि ती परवलीच्या शब्दाने बंद ठेवण्याची सोय झाली. ही दुसरी सोय बोलीच्या संग्रहात विशेष मोलाची आहे. आजीने सांगितलेली घरगुती हकीकत अभ्यासकाने ऐकावी, पण ती साऱ्या जगाला खुली नसावी, अशी बोलणाऱ्याची इच्छा असू शकते, आणि ती पाळणे हे मुद्रण करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

२०२४ मध्ये पिअरट्यूबच्या ६.२ या आवृत्तीत यंत्राकडून प्रतिलेखन करून घेण्याची सोय आली. त्यासाठी ओपनएआय या कंपनीने २०२२ साली खुली केलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली वापरली जाते. तिला ज्ञात असलेल्या भाषांत मराठी आहे. हाताने प्रतिलेखन करावयास एका तासाच्या बोलण्यामागे कित्येक तास मोडतात, हे लक्षात घेता ही सोय सामान्य नव्हे. मात्र बोलीच्या अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे ते नेमके येथेच.

कोळी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. बोलीची ओळख ज्या लक्षणांवरून पटते, त्यांपैकी ही प्रमुख होत. लेखी भाषेच्या आधारे शिकलेले यंत्र मात्र ऐकलेल्या ध्वनीला परिचित शब्दाच्या साच्यात बसवण्याकडे झुकते. ‘पानी’ ऐकून ते ‘पाणी’ लिहील, किंवा बोलणेच हिंदी आहे असे समजेल. यामुळे वाचकाची फारशी गैरसोय होणार नाही. उलट मजकूर त्याला शुद्धच वाटेल. परंतु उद्या कोणी त्या संग्रहात ‘पानी’ हा शब्द शोधला आणि तो सापडला नाही, तर हे रूप बोलीतून नाहीसे झाले असा निष्कर्ष तो काढील. आवाज जवळ असूनही पुरावा हरवण्याचा हा प्रकार आहे.

म्हणून यंत्राने केलेले प्रतिलेखन हे सूची म्हणून स्वीकारावे, साक्ष म्हणून नव्हे. कोणत्या मिनिटाला विहिरीचा विषय निघाला, हे त्यावरून कळेल. विहिरीतील पाण्याला काय म्हटले, हे कानानेच ऐकावे लागेल. या दोहोंसाठी दोन स्वतंत्र थर हवेत. पिअरट्यूबमध्ये एका भाषेला उपशीर्षकांची एकच फाइल जोडता येते, त्यामुळे यंत्राचा पाठ आणि अभ्यासकाचा पाठ ‘मराठी’ या एकाच नावाखाली शेजारी राहू शकत नाहीत. पॅन्डोरामध्ये असे थर हवे तितके निर्माण करता येतात. अर्थात प्रसारासाठी पहिले आणि अभ्यासासाठी दुसरे, अशी विभागणी करणे इष्ट ठरेल.

स्वाधीन संग्रहाचा भार वाटतो तितका जागेचा नाही. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट या मानाने एका ध्वनिमार्गाचे, संक्षेप न केलेले तासाभराचे मुद्रण सुमारे ३४६ एमबी होते. म्हणजे शंभर तासांचे बोलणे ३५ जीबीत मावते. खरा भार देखभालीचा आहे. सर्व्हर चालू ठेवणे, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या बसवणे, मूळ फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, ही कामे वर्षानुवर्षे कोणीतरी अंगावर घेतली पाहिजेत. एखाद्या संशोधन-प्रकल्पाची मुदत संपताच सर्व्हर बंद पडणार असेल, तर तो संग्रह स्वाधीन म्हणता येणार नाही. हे काम विद्यापीठाचा विभाग, सार्वजनिक ग्रंथालय आणि गावठाणातील मंडळी यांनी मिळून पत्करणे श्रेयस्कर होय.

तात्पर्य, नव्या सोयींमुळे बोलीचा संग्रह करणे सुकर झाले आहे, परंतु ऐकण्याचे काम टळलेले नाही. वेसाव्याच्या एखाद्या वृद्धेने उच्चारलेला ‘न’ कागदावर ‘ण’ होऊ न देणे, ही जबाबदारी अभ्यासकाचीच आहे.