टेबलावरचा फोन आणि पडद्यावरची मीटिंग

आता प्रश्न असा, की कंपनीच्या टेबलावरचा फोन आणि व्हिडिओ कॉन्फरन्स यांची गाठ घालायची कशी? बऱ्याचदा दोघांची भाषाच वेगळी असते. जुनी व्हिडिओ यंत्रणा एच.३२३ बोलते, हे मानक १९९६ चं. आजचे बहुतेक ऑफिस फोन सिप बोलतात. त्याचा मुख्य दस्तऐवज, आरएफसी ३२६१, २००२ चा. मध्ये दुभाषा बसवावा लागतो. त्याला आपण गेटवे म्हणतो.

दुभाष्याची कामं दोन. एक, कॉल जोडणं-तोडणं. दुसरं, आवाजाचं रूप बदलणं. फोनचा जी.७११ सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतो, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. व्हिडिओकडचा ओपस ४८,००० नमुन्यांपर्यंत जातो. म्हणून फोनवरचा माणूस जरा दबका ऐकू येतो. दोष त्याचा नव्हे.

खरी अडचण पुढे आहे बरं का. पासकोडसाठी दाबलेला प्रत्येक आकडा म्हणजे दोन सुरांची जोडी. आवाज फार आवळला, तर सूर मोडतात, आणि जिथे इंटरनेट नाही अशा साइटवरचा इंजिनिअर मीटिंगबाहेरच अडकतो. म्हणून आकडे सुरांतून न पाठवता आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या पॅकेटमधून पाठवायचे.

शेवटचं. गेटवेवरून बाहेर कॉल लावायची सोय गरजेपुरतीच ठेवू या. नाहीतर रात्रीतून कुणीतरी परदेशी कॉल करतं, आणि बिल मात्र आपल्याला भरावं लागतं.