सॅन फ्रान्सिस्कोत गाडी लावताना
बे एरियात मुलांकडे येणाऱ्या आईबाबांनो, हे जरूर वाचा. सॅन फ्रान्सिस्कोत ट्विन पीक्ससारख्या पर्यटनस्थळी गाडीची काच फोडून बॅगा पळवतात. त्याला स्पार्क प्लगवरच्या सिरॅमिकचा बारीक तुकडा पुरतो! बाजूची काच टेम्पर्ड, म्हणजे मुळातच ताणाखाली असते. कठीण टोकाने बारीकशी चीर पडली की अख्ख्या काचेचा चुरा होतो. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिक, म्हणून ती अशी कोसळत नाही. डिकीवरही विसंबू नका. मागची काच फोडून, सीट पाडून आत डोकावतात. सामान डिकीत ठेवायचंच असेल तर घरून निघतानाच ठेवा; पार्किंगमध्ये कोणीतरी बघत असतं. पासपोर्ट मात्र गाडीत कधीच सोडू नका, अंगावरच बाळगा.