कोणता प्रश्न कोणास विचारावा?

जबलपूर नगरात नव्याने राहावयास आलेल्या मनुष्याला रस्ते लवकर कळतात. कचेऱ्या मात्र पुष्कळ दिवस उमगत नाहीत. उच्च न्यायालय येथे, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे, विद्युत कंपन्यांचे शक्तिभवनही येथेच. एवढी मोठी कार्यालये पाहून आपले कोणतेही गाऱ्हाणे या नगरात ऐकले जाईल, असे त्यास वाटते. मग तो एका दारातून दुसऱ्या दारी जाऊ लागतो आणि जागोजागी एकच उत्तर ऐकतो, “हे आमच्याकडे येत नाही.” सरकारी काम आणि सहा महिने थांब, असे आपण सहज म्हणतो, परंतु त्या सहा महिन्यांपैकी कित्येक दिवस योग्य दार शोधण्यातच गेलेले असतात.

या गोंधळाचे मूळ इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी व उच्च न्यायालय ही दोन्ही तोवर नागपुरास होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या प्रदेशास मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ ही राज्ये जोडून नवे मध्य प्रदेश राज्य निर्माण झाले. राजधानीचा मान भोपाळला मिळाला. उच्च न्यायालय जबलपुरास आले, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला गेला. प्रत्येक प्रमुख नगराचे समाधान झाले खरे, पण सामान्य नागरिकाने आपला प्रश्न कोणत्या गावी न्यावा, ही अडचण कायमची उभी राहिली.

एकाच आवारातही ही अडचण भेटते. पूर्वी राज्याच्या विद्युत मंडळाकडेच विजेचे सर्व काम असे. २००५ पासून ते निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले. वीज निर्माण करणारी कंपनी वेगळी, ती दूरवर वाहून नेणारी वेगळी आणि घरोघर पुरवून देयक आकारणारी वेगळी. देयकातील चूक घेऊन आपण वहन कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहिलो, तर तो सज्जन असूनही आपल्या उपयोगी पडणार नाही. देयकाच्या माथ्यावर ज्या वितरण केंद्राचे नाव छापलेले असते, प्रश्न तेथे न्यावयाचा. पुरवठा खंडित झाल्यास १९१२ हा क्रमांक फिरवावयाचा. तेथे समाधान न झाल्यास २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार वितरण कंपनीने नेमलेला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

एका दुःखाचे चार प्रश्न

समजा, घरातील कर्ता पुरुष निवर्तला. मागे थोडी शेती, एक घर आणि निवृत्तिवेतन आहे. कुटुंबाच्या दृष्टीने हे संकट एकच असते. म्हणून एकाच अर्जात सारे लिहून तो सर्वांत मोठ्या कचेरीत द्यावा, असे मनात येते. परंतु येथे वस्तुतः चार प्रश्न आहेत. शेतीच्या नोंदीत वारसांची नावे लावणे, ज्यास आपण फेरफार म्हणतो व मध्य प्रदेशात नामांतरण म्हणतात, हे तहसील कचेरीचे काम. हिश्शाविषयी भांडण असेल तर ते दिवाणी न्यायालयाचे. वीजजोडणीवरील नाव बदलणे वितरण केंद्राचे, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची चौकशी ज्या बँकेतून वेतन मिळे तेथून सुरू करावयाची. यांपैकी एकाही प्रश्नाची पहिली पायरी उच्च न्यायालय नव्हे.

म्हणून घरातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. मला नेमके काय हवे आहे: माहिती, नोंदीत बदल, तक्रारीचे निवारण की न्याय? त्याचा निर्णय कोण करतो? आणि माझ्याजवळ त्यासंबंधीचा कोणता कागद आहे? पुष्कळदा त्या कागदावरील शिक्काच योग्य कचेरीचे नाव सांगतो.

चुकलेल्याविषयी कायद्याची दृष्टी

दार चुकणे हा अपराध नाही, हे कायद्यानेही मानले आहे. दावा चुकीच्या न्यायालयात दाखल झाला, तर वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत दिले जाते. अधिकारक्षेत्राच्या अभावी जे न्यायालय दावा ऐकू शकत नव्हते, तेथे सद्भावनेने व तत्परतेने घालविलेला काळ १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे मुदतीतून वगळता येतो. यातील ‘तत्परता’ हा शब्द मात्र विसरू नये. स्वस्थ बसणाऱ्यास ही सवलत नाही.

२००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने तर कचेरीवरच जबाबदारी टाकली आहे. मागितलेली माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवून अर्जदारास तसे कळविले पाहिजे. ज्यास लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास साहाय्य करणे हेही माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य होय. मात्र या मार्गाने कचेरीत असलेली माहितीच मिळते. सल्ला किंवा निवाडा मिळत नाही. “माझे काम का होत नाही?” असे विचारण्याऐवजी “माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत द्यावी,” असे लिहिल्यास उत्तर हाती येण्याचा संभव अधिक.

प्रश्न कायद्याचा आहे, पण कोणत्या न्यायालयाचा हे कळत नाही, अशा वेळी विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मध्य प्रदेशाच्या राज्य प्राधिकरणाचे कार्यालय जबलपुरातच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतही प्राधिकरणे आहेत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, बंदिवान व अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना १९८७ च्या अधिनियमानुसार विनामूल्य साहाय्याचा हक्क आहे. देशभरासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक जण स्वतःच अशा टेबलापलीकडे बसत असतील. “आमच्याकडे येत नाही” हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. त्यापुढे “अमुक कचेरीत, अमुक खिडकीवर जा” एवढे शब्द जोडण्यास अर्धे मिनिट पुरते; समोरच्या माणसाची मात्र एक दिवसाची मजुरी वाचते. घरातील वडीलधाऱ्यांनीही एका वहीत कोणते काम कोठे झाले, कोणते कागद लागले व पोच कोणत्या तारखेची आहे, हे लिहून ठेवावे. पुढच्या पिढीच्या अथवा शेजारच्या नवख्या कुटुंबाच्या ती वही फार उपयोगी पडेल.