बोटाला न कळणारा मऊपणा

खानदेशातल्या माणसाला मऊपणाची पारख शिकवावी लागत नाही. भरिताचे वांगे घेताना घरची बाई ते आधी अंगठ्याने दाबून पाहते. केळीच्या वखारीतला माणूस सालीवर बोट टेकवून फळ किती पिकले ते सांगतो. बँकेत असताना जिनिंगच्या कर्जापायी कापसाचे ढीग मी पुष्कळ पाहिले. तिथला जाणता गडी चिमूटभर रुई दोन्ही हातांनी ओढायचा आणि धाग्याची लांबी, ताकद तोंडाने सांगायचा.

पण बोटाची ही विद्या एका ठिकाणी थांबते. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. तिच्याहून अरुंद केशवाहिन्यांतून तिला अंग चोरून जावे लागते. ती मऊ आहे म्हणून आपला श्वास चालला आहे. हा मऊपणा मोजायचा कशाने?

1986 साली गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गर्बर यांनी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप जगापुढे मांडला. नाव मायक्रोस्कोप, पण हे यंत्र बघत नाही, चाचपते. एका चिमुकल्या लवचीक पट्टीच्या टोकाला अणकुचीदार सुई असते आणि पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण पडतो. सुई पेशीवर टेकली की पट्टी वाकते, परतलेला किरण जागचा सरकतो. जोर किती लावला आणि पेशी किती दबली, या हिशेबातून ताठरपणाचा आकडा निघतो.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूरकडे आणि 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आजार आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच घटक बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडला की हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते आणि वाट अडवते. सांधे ठणकतात, रक्त कमी होते. एरवी 120 दिवस टिकणारी पेशी दहा-वीस दिवसांत संपते.

एका शाखेत माझा एक कर्जदार होता. थंडी पडली की मुलाला घेऊन त्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होत आणि हप्ता थकत असे. सगळे वात म्हणत. पुढे रक्ततपासणीत दुखण्याला नाव मिळाले. कर्जाच्या फायलीत मात्र त्यासाठी रकाना नव्हता.

2011 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी याच यंत्राने दाखवले, की वाहकाच्या तांबड्या पेशीसुद्धा निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा ताठर असतात. निदानाला मात्र हे महागडे यंत्र लागत नाही. रक्ताची नेहमीची तपासणी पुरते. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झाले. मुदत 2047 ची आहे.

सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी रक्त तपासावे, आणि मुलीइतकेच मुलाचेही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगायला हवे. ज्या घरी आजार आहे, तिथे भरपूर पाणी, थंडीत ऊब आणि डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सियुरिया नेमाने घेणे, एवढ्यानेही पुष्कळ दुखणी टळतात.