घर आपले, जमीन कोणाची?

मुंबईत ‘फ्लॅट घेतला’ असे कोणी सांगितले की आपण पेढे मागतो. पण त्याने नेमके काय घेतले, असा प्रश्न केल्यास तो बहुधा भिंती दाखवील. भिंतींना वय असते. काही दशकांनी इमारत पाडण्याची वेळ येते, आणि मग उरते ती जमीन. ती कोणाच्या नावावर आहे?

यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकऱ्यास आसरा मिळाला खरा. परंतु भाड्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकास रस उरला नाही. पागडी बोकाळली, मालकीचे फ्लॅट आले, आणि त्यांच्या विक्रीतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला.

त्याची योजना अशी: बिल्डरने फ्लॅट विकावेत, घेणाऱ्यांनी सहकारी संस्था नोंदवावी, आणि मग बिल्डरने जमीन व इमारत त्या संस्थेस लिहून द्यावी. म्हणजे मालक ठरते ती संस्था. सभासदाजवळ शेअर सर्टिफिकेट आणि फ्लॅटमध्ये राहण्याचा व तो विकण्याचा हक्क. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याने दुसरी वाट काढून दिली. तीत फ्लॅटचा मालक आपण स्वतः, आणि जमीन, जिने इत्यादींत आपला अविभक्त हिस्सा. मुंबईत मात्र राज्य संस्थांचेच.

खरी मेख आहे ती जमीन लिहून देण्यात, म्हणजेच अभिहस्तांतरणात. करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत ते व्हावे, असा नियम. पण कित्येक संस्था वर्षानुवर्षे ताटकळतात. बिल्डर जमीन सहजी का सोडत नाही? कारण पुढे बांधकामाची मर्यादा वाढली की वाढीव मजल्यांवर हक्क सांगायला जमिनीचा कागद हाती असलेला बरा! पुनर्विकासाच्या वेळी हेच भांडण उभे राहते आणि सभासद आपल्याच दारात उपरे ठरतात. म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. बिल्डर टाळाटाळ करीत असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून संस्थेस जमीन आपल्या नावे करून घेता येते.

२०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने नव्या घरांपुरती बरीच शिस्त आणली. नोंदलेल्या कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्या कामाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. पण जुना फ्लॅट दुसऱ्या सभासदाकडून घेताना कागद आपले आपणच तपासावयाचे. पहिल्या खरेदीपासूनचे सर्व करार मुद्रांकित आहेत काय, इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, फ्लॅटवर बँकेचा बोजा आहे काय? आणि मिळकत पत्रिका अवश्य मागावी. तीवर संस्थेचे नाव आहे की अद्याप मूळ मालकाचेच, हे तिथे कळते; नसल्यास किंमत ठरविताना ते बोलून घ्यावे.

विकणाऱ्यालाही एक ठाऊक असावे. संस्थेला हस्तांतरणाचे अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते, असे २००१ च्या सरकारी परिपत्रकाने ठरविले आहे. त्यावर ‘ऐच्छिक देणगी’ मागितली गेली, तर ऐच्छिक या शब्दाचा अर्थ सेक्रेटरींना खुशाल विचारावा.