ग्लासात हिरवा फेस: घरच्या घरी माचा सोडा (भागाचं शब्दांकन)

लोकलमध्ये उभ्यानं ऐकताय की घरी पंख्याखाली पडून? कुठेही असा, या दिवसांत घाम सगळ्यांना सारखाच येतोय. दुपारी ठाण्याहून डोंबिवलीला उतरलं की पहिला विचार एकच: काहीतरी थंड हवंय.

गेल्या भागानंतर एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणाली, "मी घरी माचा सोडा केला. अर्धा ओट्यावर सांडला, उरलेल्यात गुठळ्या होत्या आणि चव गवतासारखी. कॅफेत तर छान लागतो. माझं काय चुकलं?" तर आजचा भाग तिच्यासाठी, आणि डबा विकत घेऊन कपाटात ठेवून दिलेल्या सगळ्यांसाठी.

आधी माचा म्हणजे काय?

साधा ग्रीन टी आपण पाण्यात बुडवतो आणि पानं टाकून देतो. माचामध्ये पानच पोटात जातं. तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे चहाची झुडपं सावलीत झाकून ठेवतात. त्यामुळे पानात हिरवा रंग वाढतो आणि चवीला एक गोडसर, दाट छटा येते. मग पानं वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. जपानमध्ये क्योतोजवळचं उजी हे शहर यासाठी प्रसिद्ध आहे.

म्हणूनच ही पूड साखरेसारखी विरघळत नाही, पाण्यात फक्त तरंगत राहते. गुठळ्यांचं मूळ इथेच आहे.

आणि हो, डब्यावर 'सेरेमोनियल' लिहिलंय म्हणून भुलू नका. या शब्दाला कायद्यानं ठरवलेली व्याख्या नाही. रंग बघा. ताज्या पोपटी रंगाची पूड चांगली. पिवळट, खाकी दिसली तर ती जुनी तरी असेल किंवा साध्या ग्रीन टीची तरी.

साहित्य, एका ग्लासासाठी

माचा २ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. ६० मिली कोमट-गरम पाणी. फ्रीजमधला थंडगार साधा सोडा १५० मिली. साखरेचा पाक दोन छोटे चमचे. बर्फ. लिंबाचे चार थेंब. बस.

कृती, आणि प्रत्येक पायरीचं कारण

एक: माचा चहाच्या बारीक गाळणीतून चाळून घ्या. कोरड्या गुठळ्या इथेच फुटतात. नंतर कितीही घुसळलं तरी त्या नीट फुटत नाहीत.

दोन: उकळतं पाणी थेट ओतू नका, त्यानं कडवटपणा वाढतो. ७५ अंशांच्या आसपास पाणी हवं. थर्मामीटर नाही ना? दोन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी मिसळा. म्हणजे ४० मिली उकळतं, २० मिली साधं. झालं काम.

तीन: आधी दोन चमचे पाण्यात माचाची पेस्ट करा, मग उरलेलं पाणी घाला आणि घुसळा. बांबूचा ब्रश नसेल तर ताकाची छोटी रवी चालते. उंच, अरुंद भांडं घ्या, म्हणजे उडणार नाही. वर बारीक फेस आला की थांबा आणि पाच-दहा मिनिटं निवू द्या.

चार: ग्लासात पाक, मग बर्फ, मग सोडा, आणि सगळ्यात शेवटी माचा. चमच्याच्या पाठीवरून, हळू.

आमच्या श्रोतीनं नेमकं उलटं केलं होतं: माचा खाली, सोडा वरून. सोड्यात विरघळलेल्या गॅसला बुडबुडा व्हायला एखादा खरखरीत कण लागतो, आणि माचाच्या पुडीत असे असंख्य कण असतात. वरून जोरात सोडा पडला की सगळे एकदम कामाला लागतात आणि फेस ओट्यावर! म्हणूनच ग्लासात वर तीन बोटं जागा सोडा.

सोडा थंडगारच का? थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळलेला राहतो. शून्य अंशाला तो २० अंशांपेक्षा साधारण दुप्पट मावतो. कोमट सोडा ओतलात तर पहिल्या घोटातच तो मेलेला असतो. लहान बाटली आणा, एकदा उघडली की संपवा. आणि सोडा नाही म्हणून खायचा सोडा घालायचा प्रयोग करू नका, चव खारट-साबणासारखी होते.

लिंबू अगदी शेवटी. आंबटपणानं पानातला हिरवा रंग हळूहळू मळकट होतो, त्यामुळे लिंबू पिळून फोटो काढत बसलात तर रंग गेला समजा.

आपला कोकणी बदल

पाकाच्या जागी तळाला दोन चमचे अमृत कोकम घाला. खाली लाल, वर हिरवं. आगळ मात्र नको, त्यात मीठ असतं. ढवळल्यावर रंग तपकिरी होतो, पण चव मस्त लागते.

गंमत सांगू? गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ साली पेटंट केली. जपानमध्ये 'रामुने' नावाचं पेय आजही त्याच गोटीच्या बाटलीत मिळतं. म्हणजे माचा आणि गोटी सोडा, दोघांची ओळख जुनीच म्हणायची.

आता जरा गंभीर

२ ग्रॅम माचामध्ये ढोबळमानानं एका कप कॉफीच्या आसपास कॅफिन असतं. झोप लागत नसेल तर संध्याकाळनंतर नको. गरोदरपणात दिवसाचं एकूण कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा सल्ला देतात, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. चहातल्या घटकांमुळे भाजी-डाळीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी अनेक जणींचा हा प्रश्न आहे. डब्यातली पालकाची भाजी आणि हा ग्लास एकत्र नको. जेवण आणि माचा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीबरोबर तर अजिबात नको.

डबा सांभाळा

ऊन, हवा आणि ओल हे माचाचे शत्रू, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर आत दव धरतं आणि पूड ढेकळं होते.

हिशेब सोपा आहे. ३० ग्रॅमच्या डब्यात १५ ग्लास होतात. डब्याच्या किमतीला १५ नं भागा, वर सोड्याचे पैसे धरा आणि कॅफेच्या बिलाशी ताडून बघा. मग कॅफेत जायचं ते मित्रांसाठी, तहानेसाठी नाही.

करून बघा आणि कसा झाला ते व्हॉइस मेसेजनं कळवा. सांडला तरी कळवा! भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा.