हॉर्निमन सर्कल

गेल्या पंधरवड्यांत कामानिमित्त आम्हांस मुंबईस जावें लागलें. वरठी स्टेशनावर निरोप देतांना भंडाऱ्याचे एक व्यापारी स्नेही म्हणाले, "वकीलसाहेब, मुंबईंत पाहण्याजोगें काय आहे, तें एकदां लिहा." राणीची बाग व समुद्रकिनारा यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत, म्हणून कोटांतील एका जुन्या चौकाविषयींच येथें लिहितों.

१८३३ सालीं पुरा झालेल्या टाऊन हॉलच्या उंच पायऱ्यांवर उभें राहिलें, म्हणजे समोर एक वाटोळी बाग दिसते. तिच्या भोंवतीं रस्ता, रस्त्याच्या कडेस कमानींच्या एकसारख्या इमारती, आणि पलीकडे १७१८ सालचें सेंट थॉमसचें चर्च. पूर्वीं येथें बाग नव्हती. उघडें मैदान होतें. त्यांत कापसाचे गठ्ठे रचले जात. १८४४ सालीं हा कापूसबाजार कुलाब्यास हलविण्यांत आला. लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळाही याच मैदानांत होता, व भोळे लोक त्यास देव समजून फुलें वाहत! ज्याच्या कायमधाऱ्यानें बंगालच्या रयतेस जमीनदारांच्या हवालीं केलें, त्याला हार घालणाऱ्या आमच्या भाविकपणास काय म्हणावें? पुढें टाऊन हॉलसमोरच्या वडांखालीं शेअरदलाल जमूं लागले. १८७५ सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळाचें मूळ तेथें आहे.

व्यापारी वाचकांनीं यापुढील व्यवहाराकडे विशेष लक्ष द्यावें. पोलिसखात्याचे मुख्य चार्लस् फोर्जेट यांनीं या ओसाड मैदानाचा चौक करण्याची योजना मांडली, व गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं ती उचलून धरिली. म्युनिसिपालिटीनें सगळी जागा विकत घेतली, कडेचे तुकडे इमारतींसाठीं चांगल्या नफ्यानें विकले, आणि मधली जागा मात्र मोकळी राखिली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसाच्या पैशाचा मुंबईंत पूर आला होता, तो हा काळ. १८६५ सालीं भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पण बाग १८७२ सालीं पुरी झालीच. सुमारें बारा हजार चौरस वार जमीन त्या दिवसांत विकावयास काढिली असती, तर केवढी रक्कम आली असती! परकी राजवटीचे आम्ही कधींही भाट नव्हतों. तथापि आमच्या गांवोगांवीं मोकळी जागा दिसतांच तिचे गाळे पाडण्याची जी घाई होते, ती पाहून हें उदाहरण सांगावेंसें वाटतें.

चौकास प्रथम एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर हें नांव जाऊन बेंजामिन हॉर्निमन यांचें आलें. गव्हर्नराच्या जागीं संपादक, आणि तोही इंग्रजच! फिरोजशहा मेहता यांनीं १९१३ सालीं काढिलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे ते संपादक होते. रौलट कायद्याविरुद्ध व सरकारी दडपशाहीविरुद्ध त्यांनीं निर्भीडपणें लिहिलें. जालियनवाला बागेंतील कत्तलीस दोन आठवडे होतात न होतात, तोंच एप्रिल १९१९ मध्यें सरकारनें त्यांस हद्दपार केलें. आरोपपत्र नाहीं, साक्षीपुरावा नाहीं, बचावाची संधि नाहीं. सरकारचा हुकूम आणि विलायतेची आगबोट! ज्यानें कायद्याचें शिक्षण घेतलें आहे, त्यास हें वाचून आजही लाज वाटते. हॉर्निमन तिकडेही गप्प बसले नाहींत. १९२० सालीं अमृतसरच्या प्रकारावर त्यांनीं पुस्तक प्रसिद्ध केलें. आपला लढा राज्यपद्धतीशीं होता, कातडीच्या रंगाशीं नव्हता, हें या चौकाच्या नांवावरून दिसतें. शेजारच्या रस्त्यास 'क्रॉनिकल'चेच पुढील संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांचें नांव आहे, व १८२२ पासूनच्या 'मुंबई समाचार'ची कचेरीही त्याच रस्त्यावर आहे.

दुपारीं बागेंतील बांकावर एक तरुण कारकून डबा खात बसला होता. हॉर्निमन कोण, असें आम्हीं त्यास विचारिलें.

"असेल कोणी गव्हर्नर," तो म्हणाला.

आम्हीं त्यास १९१९ ची हकीकत सांगितली. तो घास हातांत धरून ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, "काका, मग ते परत आले कीं नाहीं?"

"आले," आम्हीं सांगितलें, "पण १९२६ सालीं."